पट्टी उतरवा, आप्पांना नाही : यात्रा समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य,
यात्रोत्सव समिती.

विषय : आप्पांचा वहीचा कार्यक्रम बंद करून त्याजागी सत्कार ठेवण्याचा निर्णय.

स.न.वि.वि.

आपल्या गावचे जुने गवई आप्पा यांचा वहीचा, म्हणजे देवीपुढच्या अहिराणी गाण्यांचा, कार्यक्रम यंदाच्या यात्रेत होणार नाही, असं समितीनं ठरवल्याचं कळलं. त्याऐवजी ऑर्केस्ट्राच्या मध्यंतरात त्यांना शाल-श्रीफळ द्यायचं, मागे जुन्या कॅसेटवरची दोन गाणी लावायची आणि आप्पांनी हातात माइक धरून नुसते ओठ हलवायचे. कारण असं सांगितलं गेलं की, गेल्या वर्षी नव्या पोरांबरोबर त्यांचा आवाज लागला नाही आणि लोक तिसऱ्या गाण्याला उठून गेले.

लोक उठले हे खरं आहे. आवाज लागला नाही हेही खरं. पण तो का लागला नाही, याची चौकशी समितीनं केलेली नाही. हे पत्र त्यासाठी आहे. आणि ते उघड लिहिलं आहे, कारण हा वाद आता बैठकीपुरता राहिलेला नाही. पारावर, टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, "आते बस व्हयनं, आप्पासले आराम करू द्या." दुसरा म्हणतो, ही कीबोर्डवाली पोरं हाकला आणि जुना ताफा आणा. आम्हाला दोन्ही मान्य नाही. दोष आप्पांच्या वयाचा नाही, पोरांच्या हाताचाही नाही. दोष कार्यक्रमाच्या मांडणीचा आहे आणि ती मांडणी समितीच्या हातात होती.

आमच्यात ढोलकी वाजवणारे आहेत, झील धरणारे (मुख्य गवयाची ओळ मागून उचलणारे) आहेत, साउंडची कामं करणारे आहेत, आणि कानबाई, नवरात्र, आखाजी ही ज्यांची या गाण्यांशिवाय होत नाही असे श्रोतेही आहेत. देवीपुढची वही घराघरांत अजून होते. पण मोठ्या मांडवात, हजार माणसांपुढे ती ऐकायला मिळण्याची आपल्या गावात ही एकच जागा उरली आहे. ती गेली की नवा पोरगा वही शिकेल कशासाठी?

आता गेल्या वर्षी काय काय चुकलं ते सांगतो.

१. पट्टी

पट्टी म्हणजे गवई ज्याला 'सा' धरतो तो सूर; पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमांकानं तो सांगतात. आप्पा पूर्वी काळी चारमध्ये गात. मांडवात भोंगा नसताना, मोकळ्यावर शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तर पट्टी उंच लागायची. आता ते सत्तरीच्या पुढे आहेत. या वयात गळ्यातल्या पडद्यांची लवचिकता कमी होते, छातीत हवा कमी मावते आणि वरचे सूर आधी जातात. मधले आणि खालचे सूर मात्र बऱ्यापैकी राहतात. घरात, बिनमाइकचे आप्पा गातात ते पांढरी चारमध्ये. म्हणजे काळी चारवरून पांढरी पाच, काळी तीन आणि मग पांढरी चार, अशा तीन पायऱ्या खाली. त्या पट्टीत त्यांचा तार षड्ज आजही स्वच्छ लागतो.

गेल्या वर्षी पोरांनी सगळी गाणी जुन्या कॅसेटवरून उचलून काळी चारमध्येच बसवली. कीबोर्डवर पट्टी उतरवायला ट्रान्स्पोजचं बटण तीनदा दाबावं लागतं, बस. ते कोणी दाबलं नाही, कारण आप्पांना कोणी विचारलंच नाही. पहिल्याच ओळीला वरच्या सुरावर आवाज फाटला. गवयाचा आवाज पहिल्या ओळीला फाटला की पुढचा अर्धा तास तो भीतीनंच गातो, आणि भीतीनं गळा आणखी आवळतो.

एक गोष्ट खरी की पट्टी उतरवणं हे कीबोर्डपुरतंच सोपं आहे. ढोलकीचं तसं नाही. काळी चारला बसवलेली लहान तोंडाची ढोलकी एखाद-दोन पायऱ्या उतरते. तीन उतरवली की शाईची पुडी सैल पडते, 'ता' वाजत नाही, नुसती थाप ऐकू येते. नटबोल्ट असोत की दोरी, मोठ्या तोंडाची दुसरी ढोलकीच लागते. तुणतुण्याचंही तेच: खुंटी पिळून तार उतरवली तर ती लोंबते आणि झणझणते, म्हणून थोडी जाड तार चढवायची. डफ सुरात मिळवायचा नसतो, पण थंडीत त्याला शेक लागतो. आपली यात्रा हिवाळ्यातली. रात्री ९ नंतर दव पडायला लागतं आणि कातडं ओलावा धरतं. मंचामागे शेगडी ठेवायला गेल्या वर्षी मनाई केली होती, का तर फोटोत धूर येतो म्हणून! त्याच मंचावर धुराचं यंत्र मात्र दोन्ही बाजूंना चालू होतं.

२. झील

हा सगळ्यात मोठा घोळ, आणि त्याच्याकडे कोणाचंच लक्ष गेलेलं नाही.

वही एकट्यानं गायचा प्रकार नाही. म्होरक्या ओळ टाकतो, मागचे ती उचलतात. नीट ऐकलं तर कळेल की झीलकरी ओळ संपायची वाट पाहत नाहीत, शेवटच्या दोन अक्षरांवरच ते वर चढतात. तेवढ्यात म्होरक्या श्वास घेतो. चार ओळींच्या कडव्यात त्याला असे चार पूर्ण श्वास मिळतात, आणि श्रोत्यांना सुरात कुठे खंड पडल्याचं जाणवतही नाही. आप्पांनी चाळीस वर्षं ज्या दमावर रात्री काढल्या, त्यातला निम्मा दम मागच्या तिघा-चौघांचा होता.

गेल्या वर्षी मंचावर कीबोर्ड, ऑक्टापॅड, बँजो आणि ढोलकी असे चार वादक होते. झीलकरी एकही नाही. झिलीची ओळ कीबोर्डवर वाजवली. ती ऐकायला गोड लागते, पण लोकांना शब्द हवे असतात, म्हणून आप्पांना तीच ओळ पुन्हा स्वतः गावी लागली. म्हणजे ज्या जागी दम घ्यायचा त्या जागी दुप्पट काम. सत्तरीतला काय, पस्तिशीतला गवईसुद्धा यात तीन गाण्यांत बसेल. लोक तिसऱ्या गाण्याला उठले ते उगाच नाही.

झील परत आणली की आणखी एक सोय होते. गाण्यातली जी ओळ तार सप्तकात जाते ती झीलकऱ्यांना द्यायची. म्होरक्यानं खालून उभी करायची, तरुण गळ्यांनी वर न्यायची. चाल मोडत नाही, आप्पांवर ताण येत नाही आणि नव्या पोरांना करायला खरं काम मिळतं. यासाठी जुनाच ताफा पाहिजे असं अजिबात नाही. जुन्या ताफ्यातले दोघे आता उभे राहू शकत नाहीत, ढोलकीवाल्यांची बोटं आखडली आहेत. त्यांना ओढून आणणं म्हणजे त्यांचेही हाल. पाहिजेत ती तीन तरुण माणसं, ज्यांना शब्द पाठ आहेत आणि कुठे उचलायचं हे माहीत आहे.

३. लय आणि लूप

ऑक्टापॅडमध्ये भरलेला लूप, म्हणजे आपोआप फिरत राहणारा तयार ठेका, मिनिटाला १२६ ठोक्यांवर लावला होता. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत १२६. पावली खेळायला तो झकास आहे, लग्नात आम्हीही त्यावर नाचतो. पण वहीची लय चढती असते. नमन ८०-८५ ला सुरू होतं, कडव्यागणिक थोडंथोडं वाढत ११०-१२० ला जाऊन तिथे सोडलं जातं. ती चढण गवई हातानं, मानेनं, कधी टाळाच्या एका ठोक्यानं दाखवतो. लूपला मान दिसत नाही.

शिवाय मध्येच कोणी बक्षीस लावतं, नाव पुकारावं लागतं, आप्पा दोन वाक्यं बोलतात. जिवंत ढोलकीवाला तेवढा वेळ केरव्याच्या आठ मात्रांचा साधा ठेका धरून बसतो आणि आप्पांचा हात खाली आला की समेवर येतो. लूप पुढे निघून जातो. गेल्या वर्षी दुसऱ्या गाण्यात आप्पा नाव पुकारून परतले तेव्हा वाद्यं दोन आवर्तनं पुढे होती. "म्हातारा बेताल झाला" असं जे पसरवलं गेलं, ते या जागेवरून. चूक कोणाची होती ते ताल कळणाऱ्यानं सांगावं.

लय नुसती हळू केली की काम झालं, असंही कोणी समजू नये. फार हळू केलं तर ओळ लांबते आणि ती एका श्वासात निघत नाही. फार जलद केलं तर अहिराणीचे जोडशब्द दातांत अडकतात, त्यात कवळी असेल तर 'स' आणि 'च' शिट्टी मारतात. प्रत्येक गाण्याची आप्पांची आजची लय कोणती, ते त्यांच्याबरोबर बसूनच ठरेल. त्याला दोन बैठका लागतात. गेल्या वर्षी एकही झाली नाही. वादक संध्याकाळी ६ ला थेट दुसऱ्या गावाहून गाडीतून उतरले. सारंगखेड्याच्या दत्तापासून अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेपर्यंत, म्हणजे मार्गशीर्ष ते वैशाख, या पोरांना दम घ्यायला उसंत नसते. त्यांना दोष देता येत नाही. सुपारी देताना सरावाची अट कोणी घातलीच नव्हती.

४. साउंड

मंचाखाली दोन मोठे बेस (खालच्या, धडधडत्या आवाजाचे स्पीकर) ठेवले होते. बेसचा आवाज भोंग्यासारखा एका दिशेला जात नाही, चहूकडे पसरतो. लाकडी मंच हादरतो, ती हादर स्टँडमधून माइकमध्ये शिरते आणि गवयाच्या आवाजाभोवती घुमा तयार होतो. मिक्सरवर त्याच्या चॅनेलला १०० हर्ट्झखाली कट लावला की ते जातं. पांढरी चारमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा सूर त्याखाली उतरत नाही, त्यामुळे आवाजाचं काही नुकसान नाही. बटण दाबण्याचं काम आहे.

दुसरं, इको. जवळजवळ एक तृतीयांश सेकंदाचा इको लावून ठेवला होता. वहीत सेकंदाला चार-पाच अक्षरं पडतात. म्हणजे प्रत्येक अक्षराचा पडसाद पुढच्या अक्षरांवर आदळतो. शब्द कळले नाहीत तर वहीत उरतं काय? थोडा रिव्हर्ब (हलकी गुंज) द्या, इको बंद.

तिसरं, मॉनिटर. आप्पांच्या समोर मॉनिटर, म्हणजे गवयाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, नव्हताच. आपल्या मांडवासमोर तीस-एक मीटरवर शाळेची भिंत आहे. आवाज तिथे जाऊन परत यायला ०.१८ सेकंद लागतात. मॉनिटर नसेल तर गवयाला स्वतःचा आवाज ऐकू येतो तो भिंतीवरून, उशिरा, आणि तो नकळत त्या उशिरा आलेल्या आवाजाच्या मागे जातो. त्यातून वयपरत्वे कानाला बारीक, टिपेचे आवाज कमी ऐकू येतात. म्हणून एक मॉनिटर माइकच्या पाठीमागे, आप्पांच्या बरोबर समोर, गुडघ्याच्या उंचीवर तिरका ठेवायचा. त्यात मुख्यतः त्यांचाच आवाज, मग तुणतुणं, मग थोडी ढोलकी. कीबोर्ड आणि बेस अजिबात नाही. कानात घालायचं यंत्र देऊ नये. आप्पा कानावर हात ठेवून गातात आणि त्यांना ते जमणारही नाही.

माइक स्टँडवर, तोंडापासून चार बोटांवर. ही पिढी एकाच माइकपुढे सगळा ताफा उभा राहून गाणारी आहे. माइक हातात दिला की टिपेला ते सवयीनं तो लांब नेतात, आणि नेमका उंच सूर गायब होतो.

आणि कृपा करून सूर आपोआप दुरुस्त करणारं ते यंत्र त्यांच्या आवाजाला जोडू नका. आप्पांचा गंधार कीबोर्डच्या गंधाराशी जुळत नाही, कधी जुळला नव्हता. यंत्र तो ओढून सरळ करतं आणि मुरकीची पायरी करून टाकतं.

५. वेळ

रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या नियमांचा बंधनकारक भाग आहे. खास परवानगीचे दिवस सोडले तर त्यात सूट नाही, आणि असावी असंही आमचं म्हणणं नाही. रात्रभर वही चालायची ते दिवस गेले. पण मग घड्याळ तुम्हीच पाहायला हवं होतं. ७ ला सुरू होणारा कार्यक्रम ७.५० ला सुरू झाला. पाहुण्यांची भाषणं सव्वा तास चालली. आप्पांच्या हातात माइक आला तेव्हा ९.२५ झाले होते. थंडीत अडीच तास उघड्यावर बसवलेल्या माणसाला "आप्पा, आता फक्त गाजलेलं म्हणा, वेळ नाही" असं सांगून सगळ्यात उंच गाणं पहिलं घ्यायला लावलं.

गळा तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तरुणालाही. म्हणून नमन आधी असतं: मधल्या सप्तकात, संथ, तीन-चार सुरांत फिरणारं. त्यानंतर एक मध्यम गाणं, आणि लोकांचं आवडतं उंच गाणं तिसऱ्या किंवा चौथ्या जागी. ही क्रमवारी देवभक्तीपोटी आहेच, पण गळ्याच्या सोयीपोटीही आहे. जुन्या लोकांनी ती उगाच लावलेली नाही.

६. मंच

साडेपाच फूट उंच मंच, चढायला लोखंडी शिडी, कठडा नाही. दोन पोरांनी काखेत हात घालून आप्पांना वर घेतलं, तेव्हाच त्यांना धाप लागली होती. धुराचं यंत्र, कागदी फुलांचा भडिमार आणि हातात थंड बाटली, याबद्दल वेगळं लिहायला नको.

आता त्या कॅसेटबद्दल. ती लावून ओठ हलवायची कल्पना ज्यांची असेल त्यांचा हेतू वाईट नसेल, पण हा सन्मान नाही. कॅसेटमधले आप्पा चाळिशीतले आहेत. हजार माणसांसमोर त्या आवाजाखाली आजच्या माणसाला मुका उभा करणं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगणं की तू संपलास. आणि ज्या कॅसेटशी आपण सगळे त्यांची तुलना करतो, तिचं गणितही जरा समजून घ्या. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावायला हवी. स्वस्त डेकवर घासून घासून निघालेल्या प्रतींत ती अनेकदा जास्त धावते. वेग सहा टक्के वाढला की पट्टी एक पायरी चढते आणि लयही तेवढीच वाढते. आपल्या मोबाइलमध्ये फिरणाऱ्या त्या गाण्यात तुणतुणं काळी चारच्या वर ऐकू येतं, आणि बोलण्याचे तुकडेसुद्धा जरा चिवचिवाटी वाटतात. म्हणजे आपण ज्याला आप्पांचा खरा आवाज म्हणतो, तसे ते तरुणपणीही कधी गायले नसतील.

उलट बाजूनं, गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचे जे अर्ध्या मिनिटाचे तुकडे सगळीकडे दाखवले जातात, ते बेसच्या समोर उभं राहून फोनवर घेतलेले आहेत. धडधड जोराची आली की फोन सगळाच आवाज आपोआप दाबतो, त्यात गवई आधी दबतो. मंचाच्या डाव्या बाजूला, भोंग्यापासून दूर बसलेल्या बायकांना विचारा. त्यांनी दुसऱ्या गाण्याचं तिसरं कडवं ऐकलंय, जिथे लूप बंद पडला आणि ढोलकीवाल्या पोरानं स्वतःहून साधा ठेका धरला. दीड-दोन मिनिटं आप्पा त्यावर गायले, खाली, बिनघाईचे. शब्द न् शब्द कळला. त्या पोराला वहीचा कान आहे. ज्यांना जुना ताफाच पाहिजे, त्यांनी एवढं तरी कबूल करावं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

सत्कार करायचा तर करा, पण कार्यक्रमाच्या जागी नको, आणि कॅसेट नको. आप्पांचा कार्यक्रम ७.१५ ला सुरू करा. पहिला भाग २५ मिनिटं, मग १५ मिनिटं तरुण गवयाला, मग दुसरा भाग २० मिनिटं. ८.१५ नंतर भाषणं, ऑर्केस्ट्रा, काय ते चालू द्या. पाहुणे उशिरा आले तर त्यांची वाट पाहू नये.

तीन झीलकरी घ्या आणि त्यांची बिदागी वादकांइतकीच ठेवा. पैसे कुठून आणायचे, असं विचारलं जाईल. एलईडी पडदा मंचाच्या दोन्ही बाजूंना न लावता एकीकडेच लावा, त्यात भागतं.

गेल्या वर्षीचीच पोरं बोलवा, पण सुपारी देतानाच दोन सरावांची अट लिहा: एक यात्रेच्या आठवडाभर आधी आप्पांच्या घरी, माइकशिवाय, पट्टी आणि लय ठरवायला. दुसरा मांडवात, साउंड लावून. ठरलेली पट्टी आणि लय प्रत्येक गाण्यापुढे कागदावर लिहून कीबोर्ड, ढोलकी आणि मिक्सरवाल्याकडे द्या. आप्पांच्या गाण्यांना लूप नको. ऑक्टापॅड हातानं वाजवायचा असेल तर हरकत नाही. कीबोर्डनं षड्ज-पंचमाचा सूर धरावा आणि गाण्यामागून जावं. कॉर्ड बदलत राहू नये, चार-पाच सुरांच्या चालीला ते मानवत नाही. मोठ्या तोंडाची ढोलकी आणि तुणतुण्याची तार आम्ही आणतो, तो खर्च समितीवर नको.

सहा-सात इंचांच्या पायऱ्या आणि एका बाजूला कठडा. मंचावर दोन फुटांचं पाठीचं स्टूल. कोमट पाणी. धूर आणि कागदी फुलं आप्पा खाली उतरेपर्यंत बंद. मंचामागे डफासाठी शेगडी, पाण्याच्या बादलीसह.

एखाद्या रात्री आवाज नाहीच लागत, हे आम्हालाही कळतं. तसं झालं तर कधी थांबायचं ते आप्पा ठरवतील, पुढ्यात येऊन हातानं खुणा करणारा कार्यकर्ता नाही. तीन गाण्यांवर थांबले तरी बिदागी पूर्ण. त्यातली निम्मी आधी द्यावी. साउंडवाल्याला उचल मिळते, ऑर्केस्ट्राला मिळते, गवयाला पाकीट मात्र रात्री सगळं आवरल्यावर, हा प्रकार बंद व्हावा. आप्पांना शासनाचं ज्येष्ठ कलावंताचं मानधन मिळतं, महिन्याला ५,००० रुपये, म्हणून "त्यांना कशाला एवढे" असं बैठकीत कोणी बोलल्याचं ऐकलं. ते मानधन आयुष्यभराच्या कामाचं आहे. यात्रेतल्या रात्रीची मजुरी वेगळी.

चित्रीकरणही तसंच. गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग आप्पांना न विचारता पुढे दिलं गेलं. प्रताधिकार कायदा, १९५७ मधल्या कलम ३८ प्रमाणे गवयाला आपल्या सादरीकरणावर स्वतःचा हक्क आहे. लेखी परवानगी घ्या, आणि चित्रीकरणासाठी आवाज फोनवर न घेता थेट मिक्सरवरून घ्या. ती प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. पुढच्या पोरांना चाली शिकायला तेवढी तरी खात्रीची गोष्ट राहील.

दोन्ही तटांच्या लोकांनाही एक विनंती. यंदा भोंग्यासमोर उभे राहू नका. मांडवाच्या मध्यावर, जमिनीवर बसा, आणि नमनाआधी या.

समितीची पुढची बैठक येत्या एकादशीला आहे. त्याआधी होकार-नकार लेखी कळवावा. नकार असेल तर वरच्या सहा मुद्द्यांपैकी कोणता खोटा आहे, तेही लिहावं. आप्पांना यातलं काही आम्ही सांगितलेलं नाही. विचारायला जाल तेव्हा सकाळी १० नंतर जा, तोपर्यंत त्यांचा गळा उघडलेला असतो.

कळावे,
आपले,
गावातले श्रोते, वादक, झीलकरी आणि साउंडवाले